मदत हवी आहे: बाबांची रिक्षा बदलायची आहे. सीएनजी की इलेक्ट्रिक? सक्तीची भीती किती खरी धरायची?

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीची. बाबा गेली २७ वर्षं रिक्षा चालवतात. आत्ताच्या सीएनजी रिक्षेची मुदत येत्या उन्हाळ्यात संपतेय, त्यामुळे पुन्हा पासिंग होणार नाही, नवी घ्यावीच लागेल. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. बाबा म्हणतात सीएनजीच घेऊ. धाकटा भाऊ म्हणतो इलेक्ट्रिक घ्या, नाहीतर चार-पाच वर्षांत सरकार सीएनजी बंद करेल आणि हप्ते फिटायच्या आत गाडी भंगारात घालावी लागेल. घरचा हिशेब मी ठेवते, म्हणून निर्णय माझ्यावर आलाय आणि मला तो घेता येत नाहीये. ज्यांनी स्वतः गाडी चालवली आहे किंवा घेतली आहे, त्यांनी कृपया लिहा.

भावाची भीती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून सीएनजी आणि विजेच्याच ठेवता येतील का, हे तपासायला सांगितलं. त्यासाठी शासनाने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. म्हणजे इथे सीएनजी चांगल्यांच्या यादीत होता. पण त्याच वर्षी दिल्लीच्या नव्या ईव्ही (विजेच्या गाड्यांच्या) धोरणाच्या मसुद्यात १५ ऑगस्टपासून सीएनजी रिक्षांची नवी नोंदणीच बंद करायचा प्रस्ताव आला. पुढे तिथल्या मंत्र्यांनी रिक्षा बंद होणार नाहीत असं सांगितलं आणि जुन्या धोरणालाच मुदतवाढ मिळाली. पण त्या मधल्या काही महिन्यांत दिल्लीत ज्याला रिक्षा घ्यायची होती त्याने काय करायचं होतं? आज मी तिथेच उभी आहे.

बाबांना हे नवीन नाही. पेट्रोलवरून सीएनजीवर यावं लागलं तेव्हा त्यांनी कर्ज काढून किट बसवलं. पंप इतके कमी होते की रात्री दोनला उठून रांगेत उभं राहायचे. सीएनजी म्हणजे स्वच्छ, आता पुन्हा बदलावं लागणार नाही, असंच तेव्हा सगळे सांगत होते. ते आता एवढंच विचारतात, "मग आमची गाडी पुन्हा घाण कधी झाली?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मी थोडं मागचंही वाचलं. २०१७ मध्ये पीयूष गोयल ऊर्जामंत्री असताना २०३० पर्यंत देशात सगळ्या गाड्या विजेवर आणायची भाषा होती, ती नंतर ३० टक्क्यांवर आली. २०१९ मध्ये नीती आयोगाने २०२३ पासून सगळ्या नव्या तीनचाकी आणि २०२५ पासून १५० सीसीखालच्या दुचाकी विजेच्याच असाव्यात असं सुचवलं होतं. आमच्या स्टँडवर तेव्हा खूप चर्चा झाली होती, बाबांना आठवते. २०२३ उलटून गेलं, काहीच झालं नाही. त्या वेळी घाबरून कोणी इलेक्ट्रिक घेतली असेल त्याला आजच्यापेक्षा कच्ची गाडी मिळाली असणार. जुन्या गाड्यांच्या नव्या नंबरप्लेटची मुदतही आपल्याकडे २०२५ मध्ये किती वेळा पुढे गेली, ते सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांनी पहिल्या तारखेआधी धावपळ केली त्यांची मजुरी बुडाली, आणि थांबलेल्यांचं काही बिघडलं नाही. त्यामुळे सरकारी तारखेवर विसंबून तीन-साडेतीन लाखांचं कर्ज काढायला माझा हात धजत नाही.

अनुदानाचंही तसंच. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत पहिल्या वर्षी बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-तासाला (म्हणजे युनिटला) ५ हजार रुपये होते, दुसऱ्या वर्षी अडीच हजार. इकडे सप्टेंबर २०२५ मध्ये साध्या तीनचाकीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि विजेच्या गाडीचा ५ टक्केच राहिला, म्हणजे दोन्हींतलं अंतर घटलं. शोरूमवाला मात्र जुन्याच आकड्यांचा कागद दाखवतो.

आता आमचा हिशेब, चुकत असेल तर सांगा. सगळीकडे रोजचे १००-१२० किलोमीटर धरून फायदा दाखवतात. बाबा स्टेशनच्या शेअर लाइनवर आहेत. तीन किलोमीटरची फेरी, मग रांग, मग परतीची फेरी. दिवसभरात गाडी ६५ किलोमीटरच्या वर जात नाही. गर्दीत किलोला ३० चं ॲव्हरेज आणि गॅस ८० रुपये धरला तर रोजचे पावणेदोनशे. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून सहा युनिट. आमचं घरचं बिल आत्ता महिना १८० युनिटच्या आसपास येतं. त्यात हे दीडशे मिळवले की ३०० च्या पुढच्या स्लॅबमध्ये पाय पडतो. सरासरी १२ रुपये धरले तरी रोजचे ७२. म्हणजे दिवसाला शंभर, महिन्याला अडीच हजार वाचतील. गाडी मात्र जवळजवळ लाखाने महाग, वर वित्त कंपनीने व्याज जास्त सांगितलं आणि फेडायची मुदत कमी. जुन्या इलेक्ट्रिक रिक्षेला गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नाही, असं त्यांचं कारण. तीन-साडेतीन वर्षं नुसती जास्तीची रक्कम भरून काढण्यात जाणार आणि तेवढ्यात बॅटरी थकायला लागेल. नव्या बॅटरीचा भाव लेखी द्या म्हटलं तर तीन शोरूममध्ये कोणीही दिला नाही.

सगळ्यात मोठी अडचण जागेची. आमची इमारत जुनी, चार मजली, पार्किंग नाही. रिक्षा गटाराच्या कडेला रस्त्यावर लागते. सेक्रेटरींनी सोसायटीच्या मीटरवरून चार्जिंगचा पॉइंट द्यायला नकार दिला. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्यावर उभी स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ त्यांनी पाहिलाय, आणि खाली लहान मुलं खेळतात. त्यांनाही मी चूक म्हणू शकत नाही.

मी विजेच्या गाड्यांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. बाबांना रात्री हातात मुंग्या येतात, कंबर धरते. विजेच्या रिक्षेला ती थरथर नाही. हवा सुधारावी असं मलाही वाटतं. पण सक्तीचा धाक दाखवून गाडी बदलायला लावायची आणि चार्जिंगची जागा, बॅटरीचा भाव, जुन्या गाडीची किंमत हे सगळं रिक्षावाल्याने आपलं आपण बघायचं, हे मला पटत नाही.

माझे प्रश्न असे. रोज ६०-७० किलोमीटर चालणारी इलेक्ट्रिक रिक्षा कोणाकडे तीन वर्षांपेक्षा जुनी आहे का, आणि ती आता एका चार्जवर किती जाते? पार्किंग नसलेल्यांनी काय सोय केली? आणि बाबांच्या आताच्या परमिटवर इलेक्ट्रिक चढवता येते का? केंद्राने २०१८ मध्ये बॅटरीवरच्या वाहनांना परमिटमधून सूट दिली, हे मी वाचलंय. मग इतक्या वर्षांच्या परमिटचं पुढे काय होतं, ते कोणी नीट सांगत नाही.

भोसरीची_फेरी:
ताई, मी इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकी चालवतो, भोसरी ते चाकण. तीन वर्षं झाली, ८१ हजार किलोमीटर. नवी असताना एका चार्जला ११० जायची, आता ८५-९०. माल भरलेला असला आणि चढ असला की आणखी कमी. तुमच्या ६५ ला पुरेल. माझा पैसा वसूल झाला, कारण मी रोज शंभराच्या वर चालवतो आणि कारखान्याच्या गेटवर शेठने सॉकेट दिलाय. या दोन गोष्टी नसत्या तर मी घेतली नसती. आणि एक लक्षात घ्या. माझा कंट्रोलर (मोटरला वीज देणारा भाग) गेला तेव्हा सुटा भाग यायला नऊ दिवस लागले. गाडी उभी, हप्ता चालू. वॉरंटीत भाग फुकट मिळाला, पण नऊ दिवसांचा धंदा कोण देणार? घ्यायच्या आधी डोंबिवली-कल्याणला सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते स्वतः जाऊन बघा. शोरूम वेगळं, सर्व्हिस वेगळी.

तीन_फेज:
मी वायरिंगची कामं करतो. कृपा करून खिडकीतून वायर खाली सोडून रस्त्यावर चार्जिंग करू नका. पावसाळ्यात गटाराच्या कडेला तर अजिबात नको. १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला मीटरपासून वेगळी वायर, जास्त भार आला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि तपासलेली अर्थिंग एवढं हवंच. जुन्या इमारतीत अर्थिंग बहुतेक नावालाच असते. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दर लागतो, पण तुमची गाडी धंद्याची आहे, त्यामुळे महावितरणच्या उपविभाग कार्यालयात अर्ज देऊन उत्तर लेखी घ्या. तुमचा स्लॅबचा हिशेब बरोबर आहे. हा मुद्दा बहुतेक लोक विसरतात.

खाडीकिनारी:
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या बस आणि रिक्षा सीएनजीवर आणायला सांगितलं, तेव्हाही पंप नाहीत, रांगा आहेत, हेच सगळे म्हणत होते. सक्ती झाली नसती तर बदल झालाच नसता. रस्त्यावरचा धूर सगळ्यात जास्त रिक्षावाल्याच्याच छातीत जातो. आणि सीएनजी तरी कुठे खात्रीचा? नोव्हेंबर २०२५ मध्ये आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गॅसच्या पाइपलाइनला धक्का लागला आणि मुंबई-ठाण्यातल्या रिक्षा पंपावर अडकून पडल्या, ते आठवा.

मूळ लेखिका:
सगळ्यांचे मनापासून आभार.

खाडीकिनारी, राग अजिबात नाही. नोव्हेंबरात बाबाही रांगेत होते, रात्री घरी आले तेव्हा हातात ४० रुपये होते. धुराचंही मान्य. पण वीज तरी कुठून येते? राज्याच्या विजेचा मोठा भाग अजून कोळशाचा आहे. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं केंद्र तिथल्या लोकांच्या छातीवर चालतं. डोंबिवली स्टेशनवरचा धूर तिकडे गेला तर माझ्या बाबांना बरं वाटेल, तिथल्या कोणाच्या तरी बाबांना नाही. मला सक्तीपेक्षा आधी स्टँडवर चार्जिंगचे चार पॉइंट दिसले असते तर मी इतका विचारच केला नसता. राज्याच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशनचं उद्दिष्ट आहे, अटल सेतूवर विजेच्या कारला टोलमाफी आहे. चांगलं आहे. पण बाबांची रिक्षा अटल सेतूवर जात नाही, ती शेअर लाइनवर उभी असते.

भोसरीची_फेरी दादा, तुमचं ऐकून काल बाबांना घेऊन कल्याणला गेले. सर्व्हिस सेंटरमध्ये सात गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या दोन रिक्षावाल्यांशी बाबा तासभर बोलले. एक खूश आहे, तो कल्याण-भिवंडी मोठी भाडी मारतो. दुसरा सहा दिवसांपासून चार्जरची वाट बघतोय. परत येताना बाबांनी एक रिक्षा चालवून पाहिली. उतरल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हाताला हलकी आहे गं."

आमच्या स्टँडवरच्या अकरा जणांची मुदत याच वर्षात संपतेय. आता ते सगळे मिळून महापालिकेकडे स्टँडजवळ चार्जिंगची जागा मागणारा अर्ज देणार आहेत. मसुदा मी लिहितेय. तीन_फेज, अकरा रिक्षा रात्री एका ठिकाणी लावायच्या तर विजेचा किती लोड मागायचा आणि अर्जात काय काय लिहायचं, ते सांगाल का? मे महिन्यापर्यंत उत्तर आलं नाही तर आम्ही सीएनजी घेणार आहोत. परमिटचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. आरटीओच्या कामातलं कोणी इथे असेल तर कृपया लिहा.