करार चार तासांचा, क्लायंट मात्र आठ तासांचे

सदाशिवपेठी: पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. लेक बालवाडीत जायला लागली तेव्हा सरांशी बोलून १० ते २ करून घेतलं. पगार ३२,००० चा १६,००० झाला. तो मात्र पहिल्याच महिन्यापासून, न विसरता.

सुरुवातीचे दोन महिने बरे गेले. सप्टेंबरात ३० तारखेच्या टॅक्स ऑडिटची घाई होती, म्हणून मीच आपणहून थांबले. तिथेच चुकलं बहुतेक. ऑडिट संपलं, थांबणं काही संपलं नाही. रोज पावणेदोनला सर एक कॅरीबॅग आणून टेबलावर ठेवतात. आत कुणातरी हॉटेलवाल्याची बिलं, निम्म्यांची शाई उडालेली, खिडकीशी तिरकी धरून आकडे लावायचे. "एवढं बघून टाक गं, पाच मिनिटांचं काम आहे." उठेपर्यंत चार वाजलेले असतात.

बालवाडी सव्वादोनला सुटते. एकदा पोचले तर लेक वॉचमनकाकांच्या खुर्चीत बसून वॉटरबॅगचा पट्टा चघळत होती. काकांनी अर्धं बिस्किट दिलं होतं म्हणे. तेव्हापासून पाळणाघराच्या मावशी तिला घेऊन जातात, तासाला ८० रुपये.

सर वाईट नाहीत हो. बाळंतपणात २६ आठवड्यांची भरपगारी रजा कुरकुर न करता दिली होती. म्हणूनच तोंड उघडत नाही. नवरा म्हणतो, सोडून दे. मला सोडायची नाहीये.

निवृत्त बँकवाली: दोन वाजले की पर्स उचलायची आणि निघायचं. एवढं काय त्यात?

सदाशिवपेठी: काकू, तीनदा उचलली. तिन्ही वेळा परत ठेवली.

जमाखर्च: ताई, हिशोबाच्या माणूस ना तुम्ही, मग आधी हिशोब मांडा. मागच्या महिन्यात जादा तास किती झाले?

सदाशिवपेठी: २२ दिवस भरले. डायरीत बघितलं, ४१ तास जादा.

जमाखर्च: म्हणजे ठरले होते ८८, भरले १२९. तासाचे १८२ ठरले होते, हातात पडले १२४. पाळणाघराचे ३,२८० वजा केले तर ९९. फुल टाइम होतात तेव्हाही तासाचे १८२च होते. आता निम्म्या पगारात पाऊणपट काम चाललंय.

कायद्याचं म्हणाल तर फार आशा नको. दुप्पट पगाराचा ओव्हरटाइम पूर्ण वेळाच्या मर्यादेवर, आठवड्याला ४८ तासांच्या पुढे वगैरे, लागतो. वीसाचे तीस झाले तर तिथे तुम्हाला कुणी विचारत नाही. तुमच्या हातात फक्त तुमचं ठरलेलं आहे. ते कागदावर आहे का?

आणि दुसरं, फुल टाइम असताना क्लायंट किती होते, आता किती आहेत?

सदाशिवपेठी: तोंडीच ठरलं होतं. क्लायंट तेव्हा ३४. आता... ३१. अरे देवा.

जमाखर्च: सापडलं! तास निम्मे झाले, काम कुणी काढूनच घेतलं नाही. सरांनाही हे दिसत नसणार, त्यांच्या डोक्यात तुम्ही अजून ३४ वाल्याच आहात. वेळेवर भांडू नका, यादी घेऊन जा. "यातले १५ कुणाकडे देऊ?" एवढंच विचारा. बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाका, आपलं असं असं ठरलं म्हणून.

छोटा दुकानदार: दुसरी बाजू सांगतो, शिव्या घाला हवं तर. माझ्याकडे पाच माणसं आहेत. जीएसटीची दोन रिटर्न्स ठरल्या तारखेपर्यंत जावी लागतात, ११ ला विक्रीचं जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं ३बी, आणि पोर्टल नेमकं त्याच दिवशी गंडतं. त्या दोन दिवशी बाई दोनला उठून गेली तर मी काय करू? आमच्याकडच्या एक ताई १९-२० ला थांबतात आणि २१-२२ ला येत नाहीत. दोघांचं भागतं. पण रोजचं "पाच मिनिटं" म्हणजे मालकाचा ढिसाळपणा, हे मान्य.

गोठलेला कोल्हापुरी: मी नेदरलँड्समध्ये असतो. आठवड्याला ३२ तास, बुधवारी सुट्टी. इथे शाळा बुधवारी लवकर सुटतात, त्या दिवशी पोरगं माझ्याकडे. याला 'पापादाख' म्हणतात, म्हणजे बाबाचा दिवस. तास कमी करून मागायचा हक्क इथे कायद्यातच आहे. तरी पहिलं वर्ष प्रत्येक बुधवारी एक मीटिंग यायचीच! कुणी मुद्दाम करत नव्हतं, मी "बरं, जॉइन होतो" म्हणायचो म्हणून यायची. पोराला झोपाळ्यावर ढकलत हेडफोन लावून बसायचो. शेवटी मंगळवारी सकाळीच विचारायला लागलो, उद्या मी नाही, आज काय हवंय? तुम्हीही दहाला आल्याआल्या विचारा, आज माझ्याकडून काय जायला हवं. पावणेदोनला उशीर झालेला असतो.

सदाशिवपेठी: आठवड्याने लिहितेय. यादी घेऊन गेले. सरांनी चष्मा वर करून दोनदा वाचली, म्हणाले, "३१? कसे काय?" १२ काढले, १५ नाही. १९-२० ला थांबणार, २१ ला सुट्टी. हे सगळं मेलवर टाकलं, उत्तर आलं नाही, पण नाहीही आलेलं नाही.

आज पावणेदोनला कॅरीबॅग आलीच, सवयीने. मी उचलून नव्या आर्टिकलच्या, म्हणजे सीए व्हायला शिकाऊ आलेल्या मुलाच्या, टेबलावर ठेवली आणि खिडकीपाशी शाई कशी वाचायची ते दाखवून निघाले. बिचाऱ्याचं तोंड बघवत नव्हतं.