मदत हवी आहे: पगार वाढवूनही मुलं टिकत नाहीत

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप (मशीनवर पत्रा दाबून-कापून पार्ट काढायचं वर्कशॉप) आहे, 42 कामगार. मी तिथे सुपरवायझर. दिवाळीपासून नऊ ऑपरेटर सोडून गेले. मालकांनी पगार वाढवला, तरी गळती चालूच.

परवा एक जुना ऑपरेटर हिशोब घ्यायला आला. म्हणाला, "दादा, पैशाचं नाही हो. बायको रोज संध्याकाळी आधी बोटं मोजते." पॉवर प्रेसचा गार्ड, म्हणजे हात मशीनच्या आत जाऊ नये म्हणून असलेलं संरक्षक कव्हर, प्रॉडक्शन अडतं म्हणून काढलेला, तो कोपऱ्यात धूळ खातोय. आणि जेवायची जागा म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये स्क्रॅपच्या पिंपांशेजारी. मे महिन्यात तिथे मीही बसत नाही, खोटं कशाला बोलू!

1948 च्या कारखाने कायद्यात जेवणाच्या खोलीची सक्ती 150 हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना होती, हे मालकांना तोंडपाठ. पण धोकादायक यंत्राला गार्ड लागतोच, त्याला आकड्याची अट नाही, हे त्यांना कसं पटवू?

जुन्या प्रेसला दोन्ही हातांनी बटणं दाबायची सिस्टिम (म्हणजे प्रेस खाली येताना हात बाहेरच राहतात) कोणी बसवली आहे का? अंदाजे खर्च किती येतो? प्रॉडक्शन खरंच घटतं का? तुर्भे-महापेकडचा चांगला फिटर असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.