मदत हवी आहे: गणपतीसाठी बागेतल्या फुलांची सजावट, पण डेलिया टिकत नाहीत

मंडळी, आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो, मागे छोटीशी बाग आहे. यंदा ठरवलंय की गणपतीला सुपरमार्केटची फुलं आणायची नाहीत, सगळं घरचंच. सप्टेंबरात इथे डेलिया आणि कॉसमॉस जोरात असतात, हायड्रेंजियाही आहे, झेंडू मी एप्रिलमध्ये खिडकीत पेरून मेअखेर थंडी गेल्यावर बाहेर लावला (तोही गोगलगायींनी निम्मा खाल्ला, त्यांना काय प्रसाद वाटला की काय).

प्रॉब्लेम असा की मागच्या आठवड्यात ट्रायल म्हणून डेलिया कापले तर दोन दिवसात पाकळ्या मागून तपकिरी, आणि ज्या कळ्या होत्या त्या उमलल्याच नाहीत. आता वाचलं की डेलिया कापल्यावर पुढे फारसा उमलत नाही, पूर्ण फुललेलाच सकाळी लवकर कापायचा. पण मग दीड दिवस तरी निघेल ना? हायड्रेंजियाची तर मान संध्याकाळीच पडली. देठ अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरतात म्हणे, कोणी केलंय का खरंच?

फुलं खोचायचा हिरवा फोम मला नकोय, त्याचं मायक्रोप्लास्टिक होतं, म्हणून पसरट भांड्यात कोंबडीजाळी (कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी) चुरगाळून बसवणारे. पाल्यासाठी आयव्ही, रोझमेरी, पुदिना आणि बीच (beech) झाडाच्या फांद्या आहेत. बीचचा पाला आता कोवळा नाही, जून झालाय, म्हणजे टिकेल बहुतेक. दूर्वा म्हणून लॉनचं गवत चालवता का तुम्ही, की आणखी काही?