मदत हवी आहे: सहावीसाठी फक्त मुलींची शाळा की घराजवळची?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये राहतो. नवरा टॅक्सी चालवतो, मी दुकानात अर्धवेळ काम करते. लेक पाचवीत आहे आणि सहावीच्या शाळांचे पसंतीक्रम भरायचे आहेत. (इथे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी, फुकट. आपल्याकडची 'पब्लिक स्कूल' डोक्यातून काढा!)

पहिल्या नंबरवर काय टाकू? क्वीन्समधल्याच ॲस्टोरियाची यंग विमेन्स लीडरशिप स्कूल, फक्त मुलींची सरकारी शाळा, सहावी ते बारावी, मनात आहे. या नावाच्या शाळांतली पहिली १९९६ साली ईस्ट हार्लेममध्ये निघाली, ती आमच्यासारख्या घरांतल्या मुलींनी कॉलेज गाठावं म्हणूनच. तेव्हा हा मुलग्यांशी भेदभाव आहे अशी तक्रारही झाली होती. २००६ मध्ये इथल्या केंद्र सरकारने अशा शाळांबद्दलचे नियमच सैल केले.

मला भावलं ते एकच, शाळेतच बसणारा पूर्णवेळ कॉलेज कौन्सेलर, म्हणजे कॉलेजचे अर्ज आणि आर्थिक मदत यांत वाट दाखवणारा माणूस. कारण शेजारच्या मुलीचं पाहिलंय. फॅफ्साचा (कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागण्याचा) फॉर्म भरायला ती आमच्या जेवणाच्या टेबलावर बसली होती, आईने टॅक्सचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून दिलेले. 'पालकांचं उत्पन्न'पाशी अडली ती अडलीच. तिच्या शाळेत शेकडो मुलांमागे एक कौन्सेलर, भेटीचा नंबर लागेपर्यंत कॉलेजच्या आर्थिक मदतीची मुदत उलटली. याच फॉर्मवर मिळणारी पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना केंद्र सरकारची मदत, २०२४-२५ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. आमच्यासारख्यांना ही रक्कम केवढी, ते सांगायला नको.

पण मी स्वतः दहावीपर्यंत कन्याशाळेत होते. अकरावीला वर्गात मुलं आली आणि वर्षभर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. लेकीचं तसं झालं तर? शिवाय बस आणि ट्रेन बदलून पाऊण तास. भाड्याचा प्रश्न नाही, विद्यार्थ्यांना फुकट प्रवासाचं ओम्नी कार्ड मिळतं. पण ती अकरा वर्षांची आहे. आणि सगळ्या मैत्रिणी जवळच्या शाळेत जाणार म्हणून सध्या गाल फुगवून बसली आहे.

आणखी एक गुंता. या मुलींच्या शाळांमागे जी संस्था आहे, तिचाच कॉलेजबाउंड इनिशिएटिव्ह हा उपक्रम २००१ पासून मुलामुलींच्या सरकारी शाळांतही असे कौन्सेलर देतो. मग फरक कशाने पडतो, फक्त मुली असण्याने की त्या कौन्सेलरने? दुसरं असेल तर मी तसा कौन्सेलर असलेली जवळची शाळा शोधेन.

कुणाची लेक, भाची अशा शाळेतून गेली असेल तर सांगा. प्रवेशाचं नको, ते भिंतीवर लावलेलं असतंच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीही ती टिकली का? अडली तेव्हा शाळेतल्या कुणी फोन उचलला का?

गुरुवारी त्या शाळेत ओपन हाउस आहे, म्हणजे पालकांनी शाळा बघायला जायचा दिवस. सुट्टी मागून घेतली आहे. तिथे नेमकं काय विचारू, तेवढं बुधवारपर्यंत सांगा.