प्रायव्हेट क्लाउड: विभागांना खरं बिल लावावं की नुसता खर्च दाखवावा?

रॅकपालक:
आमच्या कंपनीत ओपनस्टॅक या क्लाउड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर स्वतःचा क्लाउड आहे, फक्त आपल्याच विभागांसाठी. जो विभाग मागेल त्याला व्हीएम (सर्व्हरवर चालणारा आभासी संगणक) मिळतं, पैसे कुणालाच मोजावे लागत नाहीत, त्यामुळे एकदा घेतलेलं कुणी परत करत नाही. माझं म्हणणं: दर महिन्याला विभागाच्या बजेटमधून खरे पैसे वळते झाले पाहिजेत. आणि आकारणी सीपीयू किती टक्के चालला यावर नको, किती जागा अडवली यावर हवी.

व्हीएम बंद करून ठेवलं म्हणजे खर्च थांबला, असं अनेकांना वाटतं. नोव्हाच्या, म्हणजे ओपनस्टॅकमधल्या व्हीएम सांभाळणाऱ्या भागाच्या, लेखी बंद व्हीएमही होस्टवरची (ते ज्या सर्व्हरवर आहे त्यावरची) रॅम आणि सीपीयू धरून असतं. शेल्व्ह करून ऑफलोड केलं, म्हणजे जपून ठेवून होस्टवरून उतरवलं, तरच ती जागा सुटते. सोसायटीत फ्लॅटला कुलूप असलं तरी मेंटेनन्स भरावाच लागतो, तसंच हे.

साधनं तयार आहेत. सीलोमीटर नोंदी गोळा करतो, न्योकी त्या साठवतो, क्लाउडकिटी दर लावतो. त्याच्या हॅशमॅप या दर ठरवायच्या भागात फ्लेवरनिहाय (व्हीएमच्या ठरलेल्या आकारानुसार) दर भरले की तासातासाचा हिशेब सुरू. २०११ साली निस्ट या अमेरिकी मानक संस्थेनं क्लाउडची पाच आवश्यक लक्षणं सांगितली, त्यात मोजून दिलेली सेवा हे एक आहे. आपण तेवढंच गाळून बसलोय.

सुटीवायर:
मोजा जरूर, पण पैसे वळते करू नका. सर्व्हरचे पैसे कंपनीनं आधीच भरलेत. एका विभागानं दहा व्हीएम सोडली म्हणून कंपनीचा एक रुपया वाचत नाही, फक्त तो खर्च उरलेल्यांच्या डोक्यावर जातो. दर वाढला की आणखी एक विभाग क्रेडिट कार्ड काढून पब्लिक क्लाउडवर जातो, मग दर पुन्हा वाढतो. शेवटी रॅक अर्धे रिकामे आणि बाहेरचं बिल वेगळं.

दुसरं, बिल आलं की लोक आधी काय काढतात? स्टँडबाय (मुख्य बंद पडला तर लागणारा) डेटाबेस, चाचणीचं वातावरण, जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या त्या वेळच्या प्रती). नेमकं जे अडचणीच्या रात्री हवं असतं ते. हा धोका मला कागदावरच्या बचतीपेक्षा फार मोठा वाटतो.

कन्सोलकाका:
मी ही मोजणीची साखळी सांभाळतो, म्हणून धोरणापेक्षा आकड्यांबद्दल बोलतो. रॅकपालक, तुम्हाला बंद व्हीएमचं बिल हवंय ना? क्लाउडकिटीची नमुना मांडणी व्हीएम मोजते ती सीपीयूच्या मेट्रिकवरून (वापराच्या मोजमापावरून). बंद व्हीएमसाठी सीलोमीटरचा एजंट (होस्टवर नोंदी घेणारा त्याचा भाग) ते मेट्रिक पाठवतच नाही. म्हणजे जशीच्या तशी मांडणी वापरलीत तर बंद व्हीएम बिलातून गायब, तुमच्या तत्त्वाच्या बरोबर उलट.

उलट्या बाजूचंही ऐका. पोलिंग (ठरावीक वेळानं नोंद घेणं) दर पाच मिनिटांनी असेल आणि सीआयचं (कोडच्या आपोआप चाचणीचं) व्हीएम तीन मिनिटांत जन्मून मेलं, तर ते मोजलं जाईलच असं नाही. रॅबिटएमक्यू, म्हणजे या भागांमधले निरोप पोचवणारा, तुंबला आणि सूचना हरवल्या, तर त्या तासांचा हिशेब कुणाकडे मागायचा?

आणखी एक. सेफ (Ceph) या डेटा साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीन प्रती ठेवत असाल तर विभागाच्या १ टीबी डेटामागे ३ टीबी डिस्क जाते. दर कोणत्या आकड्यावर, हे पहिल्या बिलाआधी लिहून द्या. सीपीयूचंही तेच. नोव्हाचं ओव्हरकमिटचं (एका कोअरमागे किती व्हीसीपीयू, म्हणजे आभासी सीपीयू, वाटायचे याचं) मूळ प्रमाण बरीच वर्षं १६ होतं, त्यामुळे एका व्हीसीपीयूचा दर म्हणजे एका कोअरचा दर नव्हे.

माझा आग्रह एवढाच: दरमहा क्लाउडकिटीचे तास नोव्हाच्या स्वतःच्या वापर अहवालाशी ताडून पाहा, आणि डिलीट झालेल्या व्हीएमच्या नोंदी आर्काइव्ह होण्याआधी (मुख्य तक्त्यांतून बाजूला जाण्याआधी) पाहा. हा ताळा जुळेपर्यंत कुणालाही बिल पाठवू नये.

खतावणी:
अकाउंट्समधून लिहितेय. एकाच जीएसटी नोंदणीखालच्या विभागांत खर्च वळता करणं ही अंतर्गत नोंद आहे, तिथे प्रश्न नाही. पण क्लाउड पुण्यात आणि वापरणारं ऑफिस बंगळूरला असेल, तर सीजीएसटी कायद्याच्या कलम २५(४) प्रमाणे एकाच पॅनखालच्या त्या दोन नोंदण्या वेगवेगळ्या व्यक्ती ठरतात. पैसे न घेता दिलेली सेवासुद्धा अनुसूची १ खाली पुरवठा धरली जाते. घेणाऱ्या शाखेला पूर्ण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत असेल, तर इनव्हॉइसवरची रक्कम हेच मूल्य मानलं जातं. पण इनव्हॉइस कुणी काढायचं, कोणत्या किमतीचं, हे आयटीनं परस्पर ठरवू नये. आणि 'नुसतं दाखवू' म्हटल्यानं हा प्रश्न टळत नाही, सुटीवायर.

रॅकपालक:
कन्सोलकाका, मेट्रिकचा मुद्दा फार महत्त्वाचा. मग फ्लेवर आणि व्हीएमच्या अस्तित्वावरच मोजणी बसवायला हवी, सीपीयूवर नाही.

सुटीवायर, दराचं चक्र फिरतं ते भाजक चुकीचा धरल्यामुळे. एकूण खर्चाला विकल्या गेलेल्या जागेनं भागू नका, पूर्ण क्षमतेनं भागा आणि दर वर्षभर गोठवा. रिकाम्या रॅकचा खर्च आयटीच्या नावावर राहू दे, जास्तीची खरेदी आयटीनंच केली होती. स्टँडबाय आणि बॅकअपला शून्य दर लावा, म्हणजे त्यांना कुणी हात लावणार नाही. पण नुसता अहवाल पाठवून लोक जागा सोडतील, यावर माझा विश्वास नाही. बजेटला झळ लागल्याशिवाय कुणी ती फाइल उघडत नाही.

सुटीवायर:
शून्य दर लावलात की प्रत्येक व्हीएम 'स्टँडबाय' म्हणून नोंदवलं जाईल, आणि ते तपासत बसायला माणूस लागेल. त्यापेक्षा प्रत्येक व्हीएमला मालकाचं नाव आणि मुदत द्या. मुदत संपली आणि मालकानं वाढवली नाही, तर आधी शेल्व्ह करा, महिन्याभरानं डिलीट. जागा परत मिळवणं हाच हेतू असेल तर त्याला रुपया लागत नाही. जीपीयूच्या (जड गणना करणाऱ्या चिपच्या) नोडना, म्हणजे सर्व्हरना, मात्र बिल लावा, तिथे माझा विरोध नाही. ते मोजके असतात, रांग लागते, आणि एकानं अडवलं की दुसऱ्याचं काम खरोखर थांबतं.

कन्सोलकाका:
मुदतीचं चालेल, पण मुदत वाढवण्याचं बटण फार सोपं ठेवू नका. कारण लिहायला लावा आणि विभागप्रमुखाची मंजुरी घ्या, नाहीतर सगळे आंधळेपणानं वाढवत राहतील.