मदत हवी आहे: पेटीतले मिटते चाकू गंजले, खिशातला मात्र ठणठणीत

नमस्कार. जुन्या पद्धतीचे मिटते चाकू वापरणारे किंवा जमवणारे इथे कुणी असतील तर कृपया पूर्ण वाचा. फोटोत गंजाचा रंग नीट कळत नाहीये, म्हणून शब्दांतच सांगते.

माझ्याकडे एकोणीस चाकू आहेत. बहुतेक सगळे साधे, स्प्रिंगवर चालणारे. नखाच्या खाचेत नख घालून पातं ओढायचं, दुसऱ्या हाताने मूठ धरायची. बटण नाही, कुलूप नाही. पातं उघडं राहतं ते मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी त्याच्या बुडावर दाब देते म्हणून. याला अपवाद दोनच. एक फ्रेंच ओपिनेल, त्याला पातं अडकवायची फिरती कडी आहे. दुसरा जपानी हिगोनोकामी, त्याला स्प्रिंगच नाही, नुसत्या घट्टपणावर आणि पात्याच्या शेपटावर ठेवलेल्या अंगठ्यावर चालतो.

त्यातला एक मी अकरा वर्षं रोज खिशात बाळगते. तीन पात्यांचा स्टॉकमन, कार्बन स्टीलचा, हाडाच्या मुठीचा. मला पुस्तकबांधणीचा नाद आहे. सरळ धारेचं शीप्सफूट पातं पट्टीच्या कडेने कागद कापायला इतकं छान चालतं की त्यासाठी वेगळं हत्यार घ्यावंसं कधी वाटलं नाही. त्याचं टोक खाली वळलेलं असल्याने ते पट्टीखाली घुसत नाही. लांब क्लिप पातं खोकी, दोरे, पेन्सिली यांसाठी. तिसऱ्या, बोथट टोकाच्या स्पे पात्याने वाळलेला गोंद खरवडते. हा चाकू घामात भिजलाय, एकदा पावसात खिशातच राहिलाय, लिंबूही कापलंय त्याने. पात्यांवर निळसर करडी झाक चढली आहे, पण तांबडा ठिपका एकही नाही.

आता अडचण. बाकीचे अठरा एका लाकडी खणात, आत मऊ कापड लावून, तीन रांगांत ठेवलेले होते. मला आठ महिने बाहेर राहावं लागलं. जाण्यापूर्वी प्रत्येक पातं पुसून मिनरल ऑइलचा हात फिरवला होता, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्याही ठेवल्या होत्या. गेल्या आठवड्यात खण उघडला तर सात चाकू गंजलेले. नुसती तांबूस झाक नाही, चार पात्यांना खड्डे पडलेत. मुठीच्या आतल्या पितळी पत्र्यांवर, म्हणजे अस्तरांवर, हिरवा थर आलाय. एका चाकूची मूठ आणि बोल्स्टर (मुठीच्या टोकाचा धातूचा तुकडा) यांच्यामधल्या फटीतून तर हिरवं पीठ बाहेर येतंय. आणि उरलेले अकरा अगदी होते तसे!

हेच मला कळत नाहीये. हवा तीच, तेल तेच, खण तोच. गंजलेले सगळे मधल्या रांगेत किंवा तिच्या लगत होते. दोन्ही टोकांचे वाचले. खण उघडल्यावर कापरासारखा वास आला, बहुधा कुणीतरी किड्यांसाठी गोळ्या टाकल्या असाव्यात.

गंजलेल्यांत दोन माझ्या फार जवळचे आहेत. एक इंग्लंडमधल्या शेफील्डचा, पात्याच्या बुडावर 'इंग्लंड' असं कोरलेला. अमेरिकेच्या १८९०च्या आयात कायद्यामुळे परदेशी मालावर देशाचं नाव घालणं बंधनकारक झालं, त्यामुळे अशा छापावरून चाकू त्यानंतरचा असावा इतपत अंदाज बांधता येतो. दुसरा 'केस' या अमेरिकी कंपनीचा, दोन लांब पात्यांचा ट्रॅपर, नावाखाली सहा ठिपके असलेला. केसने १९७०मध्ये दहा ठिपके घातले आणि दर वर्षी एकेक कमी केला, म्हणजे हा १९७४चा. हे छाप नखाएवढ्या जागेत असतात. घासण्याच्या नादात ते गेले तर चाकूची जन्मतारीखच गेली, म्हणून अजून कशालाच हात लावलेला नाही.

माझे प्रश्न:

गंज सातच चाकूंना का लागला? जुनी झाक आणि छाप न घालवता तो कसा काढू? आणि खिशातला चाकू इतका चांगला राहत असेल, तर बाकीचेही आळीपाळीने खिशात ठेवू का? काही जणांच्या मते जमवलेला चाकू वापरला की त्याची किंमत संपते. माझं मन ते मानत नाही, पण ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

प्रतिसाद १

खण ओकचा आहे का? ओकमधून आम्ल वाफा निघतात आणि बंद जागेत धातूला त्रास देतात. शिवाय सिलिका जेल एकदा भरलं की पुढे शोषत नाही, ते तापवून परत कोरडं करावं लागतं. आठ महिने दोन पुड्या पुरणार नाहीत. चाकू चामड्याच्या म्यानात होते का? म्यानात कधीच साठवू नका. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि त्याने धरलेला ओलावा यांनी पितळ हिरवं होतं.

धागाकर्ती

खण ओकचा नाही, म्यानंही नव्हती. आणि दोष लाकडाचा किंवा दमटपणाचा असता तर तिन्ही रांगा सारख्याच बिघडल्या असत्या ना?

प्रतिसाद २

मधल्या रांगेत कासवाच्या पाठीसारखी, मोत्यासारखी किंवा पारदर्शक पिवळट मूठ असलेला एखादा जुना चाकू आहे का? कापराचा वास वाचल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. तो गोळ्यांचा वास नसावा. ते सेल्युलॉइड असेल.

सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण. अमेरिकेत हायट बंधूंनी १८७०मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नंतर कित्येक दशकं चाकूंच्या मुठींना ते सर्रास वापरलं गेलं, कारण शिंग, शिंपला, कासवाचं कवच यांची नक्कल त्यात हुबेहूब जमायची. पण ते कायमचं टिकत नाही. वय झालं की विघटन सुरू होतं, कापूर उडून जातो, नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून नायट्रिक आम्ल तयार होतं. पोलाद त्याने खाल्लं जातं, पितळातलं तांबं हिरवं होतं. बंद खणात त्या वाफा शेजारच्यांवरच बसतात. तुमचा गंज रांगेच्या मध्यावरून बाहेर कमी होत गेलेला दिसेल.

खात्री करायला गरम सुई टोचू नका, असा सल्ला कुठे वाचला असेल तरी. सेल्युलॉइड भडकन पेटतं. मूठ अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या, तेवढं पुरे. बारीक तडे, गढूळपणा, चिकट घाम आल्यासारखा पृष्ठभाग ही पुढची लक्षणं. तो चाकू आजच वेगळा करा आणि हवाबंद डब्यात अजिबात घालू नका. कोंडल्या वाफांनी विघटन आणखी वेगाने होतं. उघड्यावर, थंड, कोरड्या जागी, बाकी चाकूंपासून लांब.

धागाकर्ती

आहे! मधल्या रांगेत बरोबर चौथा. मूठ कासवाच्या पाठीसारखी आणि तिला जाळीसारखे तडे. चोळली तर कापराचा वास आला. इतके दिवस तो तडा म्हणजे म्हातारपण समजून मी कौतुकाने बघत होते. तुमचे आभार कसे मानू कळत नाही. त्याची स्वतःची पाती मुठीत मिटलेली असतात तेवढ्याच भागात खाल्ली गेली आहेत, आता त्याचाही अर्थ लागला.

प्रतिसाद ३

ताई, गंज काढण्याबद्दल सांगतो. आधी काहीही घासू नका. सातही चाकू कोमट पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण घालून धुवा, पाती पाण्यातच उघडा-मिटा, म्हणजे सांध्यातलं आम्ल निघून जाईल. शिंगाच्या मुठी मात्र पाण्यात बुडवून ठेवू नका, त्या फुगतात आणि वाळताना वाकतात. लगेच पुसून, वाळवून सांध्यात मिनरल ऑइलचा थेंब सोडा. काळं पाणी येईल, येऊ द्या. खाण्याचं तेल वापरू नका, ते काही महिन्यांत चिकट होतं.

मग पात्यावर तेल लावून एक दिवस ठेवा. तांबडा गंज हा ओबडधोबड, सुटणारा असतो, तर करडी-काळी झाक पातळ आणि पोलादाला घट्ट धरून असते. पोलादापेक्षा मऊ वस्तूने, म्हणजे तांब्याची पट्टी किंवा हाडाचा तुकडा, गंज खरवडला की तो निघतो आणि झाक राहते. सर्वांत बारीक, चार शून्यांचं स्टील वूल तेलात भिजवून चालेल, पण बुडावरच्या छापाच्या जागी नको. तिथे फक्त तेल आणि दात कोरायची लाकडी काडी. पॉलिशच्या यांत्रिक चाकाला तर एकही चाकू दाखवू नका. कडा गोल होतात, छाप पुसट होतात, आणि पातळ धार तापली की तिचं पाणी उतरतं. खड्डे तसेच राहतील. राहू द्या.

आता खिशात बाळगण्याचं. मी चार चाकू आठवड्याने बदलत वापरतो. वापरातला चाकू रोज हाताळला जातो, पुसला जातो, ठिपका दिसला की त्याच दिवशी लक्षात येतो. तुमचा स्टॉकमन एवढ्यानेच टिकला. किमतीचं म्हणाल तर कधीच न वापरलेला, कारखान्यातून आला तसा चाकू असेल तर तो वापरल्यावर भाव उतरतो हे खरं आहे. ज्याला आधीच दहा वेळा धार लावून झाली आहे त्याला हा नियम लावण्यात अर्थ नाही. ओपिनेलची मूठ लाकडाची, ती भिजली की पातं अडकतं, तेव्हा घामाच्या दिवसांत तो नको.

एक काळजी घ्या: जिथे जाल तिथला कायदा बघा. ब्रिटनमध्ये कुलूप नसलेला, तीन इंचांपर्यंत धारेचा मिटता चाकू सार्वजनिक ठिकाणी चालतो, पण कडीने अडकणारं पातं तिथे स्थिर पात्यासारखं धरलं जातं. जपानमध्ये सहा सेंटिमीटरांपुढच्या पात्याला सबळ कारण लागतं. विमानात हातातल्या बॅगेत तर नेऊच नका.

धागाकर्ती

तीन दिवसांनी लिहिते आहे.

सातही धुऊन झाले. केसचे सहाच्या सहा ठिपके शाबूत आहेत, काडीने गंज सुटत गेला तसा एकेक वर आला. शेफील्डच्या पात्यावर दोन खड्डे राहिलेत, पण 'इंग्लंड' स्पष्ट वाचता येतं. खण रिकामा करून, कापड काढून टाकून उघडा ठेवलाय. नवीन कापड लावण्यापूर्वी त्यातला वास पूर्ण जाऊ देणार आहे.

आजपासून शेफील्डचा खिशात आहे. उघडताना पातं अर्ध्यावर एकदा थांबतं आणि मग टक्क करून बसतं. हा आवाज मी गेली चार वर्षं ऐकलाच नव्हता, कारण तो जपून ठेवायचा होता! सकाळी त्याने एका वहीचे शिवणदोरे कापले. दोन्ही हातांनी सावकाश उघडावा लागतो, त्यामुळे शेजारी बसलेल्यालाही दचकायला होत नाही. अशा चाकूंचा हा गुण मला फार मोठा वाटतो. स्टॉकमन घरी राहील, पण टेबलावर, डोळ्यांसमोर.

कासवमुठीचा चाकू खिडकीजवळच्या फळीवर एकटा ठेवला होता. प्रतिसाद २ परत वाचल्यावर ध्यानात आलं की तिथे ऊन येतं, म्हणून आता सावलीच्या कपाटात, दार किलकिलं ठेवून. त्याच्याबद्दल मात्र निर्णय होत नाहीये. मूठ काढून हाडाची बसवली तर पाती वाचतील, पण पिना काढताना सेल्युलॉइड तुटणारच आणि जुना चाकू जुना राहणार नाही. नाही काढली तर ती मूठ स्वतःचीच पाती खात राहणार. मुठीच्या पिना कुणी घरी काढल्या आहेत का? बोल्स्टर न हलवता ते जमतं का, आणि पिना पितळी असतील तर डोकं तासून काढायचं की आतल्या अस्तराच्या बाजूने ठोकून, एवढं कृपया सांगा. तोपर्यंत मी त्याला रोज पुसते आहे.