मदत हवी आहे: ४६व्या वर्षी ज्युदो, पण खेळ म्हणूनच

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या अनगोळचा, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. शाळेत असताना गल्लीतल्या तालमीच्या मातीत लोळायचो. दहावीनंतर ते सुटलं ते सुटलंच. गेल्या पावसाळ्यात मुलीला ज्युदोच्या क्लासला सोडायला जायचो. एक दिवस सर म्हणाले, "बाहेर बसून काय करता? या की मॅटवर."

पहिले दोन आठवडे नुसतं पडायला शिकलो. त्याला उकेमी म्हणतात: हनुवटी छातीला, हाताचा फटका मॅटवर, म्हणजे डोकं आपटत नाही. इतक्या वर्षांनी कोलांटी मारली आणि मोठ्यांदा हसू फुटलं. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत सुरू केलेल्या या खेळात रांदोरी असते, म्हणजे डाव आधी न ठरवता केलेली मोकळी झटापट. १८ वर्षांचा पोरगा मला उचलून टाकतो, मी उठून परत त्याची कॉलर धरतो. तेवढा वेळ घराचा हप्ताही आठवत नाही.

आता सर बेल्टच्या परीक्षेला बसा म्हणतात. तेव्हापासून झोपेतही डाव घोकतोय, मजा आटत चाललीय. शिवाय उजवा गुडघा सकाळी धरतो.

चाळिशीनंतर सुरू केलेल्यांनी परीक्षा दिली का? सरांना न दुखवता नको कसं म्हणायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडे फक्त मोठ्यांची बॅच कुठे आहे का? गुडघा डॉक्टरांना दाखवणारच आहे, पण रांदोरीआधी तुम्ही अंग कसं तापवता तेही सांगा की वो.